तारलीच्या गावात चार तास

वाचकहो, बोटीवर नोकरी करणारा माणूस जग पाहतो, अशी आपल्याकडे समजूत आहे. ती अर्धीच खरी. मी एका प्रवासी जहाजाच्या लाँड्रीत काम करतो. आमची जागा जहाजाच्या पोटात. तिथे खिडकी नाही. वरच्या मजल्यावरचे प्रवासी डोंगर, किल्ले, बेटे पाहत असतात तेव्हा आम्ही त्यांच्या चादरी, टॉवेल आणि टेबलावरची कापडे धूत असतो. बंदर आले हे आम्हाला कळते ते इंजिनाचा आवाज बदलला म्हणून. मात्र महिन्यातून दोन-चार वेळा पाळी अशी जुळते की जहाज नांगरलेले असते आणि आपल्याला चार तासांची सुट्टी असते. त्या चार तासांत जे पाहून घेतले, तेच आमचे जग.

गेल्या मोसमात अशी एक सुट्टी मला फ्रान्सच्या पश्चिम टोकावरील दुआर्नने या मच्छीमारांच्या गावी मिळाली. आमचे जहाज लहान असल्याने लहान बंदरांनाही जाते. ते खाडीत नांगरले आणि प्रवाशांना छोट्या बोटींतून धक्क्यावर पोचवू लागले. सगळे प्रवासी उतरल्यावर कामगारांची पाळी. साडेअकराच्या बोटीत मला आणि माझ्या गोवेकर जोडीदाराला जागा मिळाली. परतीची शेवटची बोट साडेतीनला होती.

जमिनीचा शेवट

फ्रान्सचा जो भाग अटलांटिक महासागरात जिभेसारखा पुढे आला आहे, त्याला ब्रिटनी म्हणतात. त्यातल्या अगदी टोकाच्या जिल्ह्याचे नाव फिनिस्तेर, म्हणजे जमिनीचा शेवट. इथल्या लोकांची मूळ भाषा ब्रेटन. ती फ्रेंचची बोली नव्हे. इंग्लंडशेजारच्या वेल्स प्रांतातील भाषेची ती बहीण आहे. एक काळ असा होता की शाळेत मूल ब्रेटन बोलताना सापडले तर शिक्षा म्हणून त्याच्या गळ्यात लाकडी खडावासारखी एखादी वस्तू अडकवीत. आज त्याच गावांत रस्त्याच्या पाट्या दोन्ही भाषांत दिसतात.

दुआर्ननेची वस्ती सुमारे चौदा हजार. रोस्मर नावाच्या जुन्या धक्क्यावर आम्ही उतरलो. समोर ओळीने पिवळी, गुलाबी, निळी घरे, खाली चहा-कॉफीची दुकाने, आणि मागे चढत जाणाऱ्या अरुंद गल्ल्या. पाऊस म्हणावा तर नाही आणि नाही म्हणावे तर कपडे ओले, असे हवामान. एका बेकरीत आम्ही इथला प्रसिद्ध कुइन-अमान् विकत घेतला. नावाचा अर्थ सरळ आहे : लोण्याचा केक. पावाच्या कणकेत लोणी आणि साखर घड्या घालून भरायची आणि भाजायचे. हा पदार्थ १८६० च्या सुमारास याच गावात जन्माला आला. एक तुकडा दोघांत पुरला, इतका तो जड!

पण या गावाचे खरे दैवत म्हणजे तारली. इंग्रजीत जिला सार्डिन म्हणतात ती. इथली तारली आणि आपल्या किनाऱ्यावरची तारली एकाच घराण्यातल्या, प्रकार मात्र वेगळे. दुकानाच्या पाटीवर तारली, भिंतीवर तारली, पोस्टकार्डावर तारली. आपल्याकडे मिठाई मांडतात तसे एका दुकानात तारलीचे रंगीत पत्र्याचे डबे मांडलेले होते. त्यावर साल छापलेले. तेलात मुरलेली तारली जितकी जुनी तितकी चवदार, असे इथले लोक मानतात, आणि घरी डबा अधूनमधून उलटा करून ठेवतात. माझा जोडीदार हसायला लागला. म्हणाला, “आमच्याकडे तारली जास्त सापडली तर माडाच्या मुळात खत म्हणून घालायचे!”

मला मात्र हसू आले नाही. दुकानाच्या दारात एक जुना, मोठा केलेला फोटो लावलेला होता. लांब टेबलाच्या दोन्ही बाजूंनी बायका दाटीने उभ्या, डोक्यावर पांढऱ्या टोप्या, पुढे मासळीचे ढीग, हातात सुऱ्या. त्यातल्या एकीने मान वर करून फोटोवाल्याकडे पाहिले होते. तिचा तो कंटाळलेला, झोप न झालेला चेहरा मी लहानपणी रोज पाहिलेला होता.

माझी आई

इथे थोडे घरचे सांगणे भाग आहे. आम्ही डिलाईल रोडच्या चाळीत राहत होतो. वडील गिरणीत साचेवाले. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. तो संप कसा संपला हे तुम्हाला सांगायला नको. आपल्यापैकी कितीतरी घरांनी तो भोगला आहे. वडील पुन्हा कामावर गेले नाहीत. दुसऱ्या वर्षी आई ससून डॉकवर कोळंबी सोलायला जाऊ लागली.

रात्री तीन वाजता ठेकेदाराचा टेम्पो नाक्यावर येई. हॉर्न वाजला की चाळीतल्या सात-आठ बायका धावत उतरत. थंडगार फरशीवर बसायचे, बर्फातली कोळंबी उचलायची, डोके मोडायचे, साल काढायची, दोरा काढायचा. पैसे टोपलीवर. टोपली भरली की नाही हे मुकादम ठरवणार. बोटी उशिरा आल्या तर बसून राहायचे; बसल्याचे पैसे नाहीत. दुपारी आई घरी येई तेव्हा तिच्या बोटांच्या टोकांची सालपटे निघालेली असत. ती खोबरेल तेल लावून पडून राही.

आणि तो वास! साबण, लिंबू, चिंच, काहीही लावा, तो जात नसे. माझ्या शर्टालाही येई. वर्गातली मुले नाक धरत. सातवीत असताना शाळेच्या फॉर्मवर ‘आईचा व्यवसाय’ असा रकाना होता. मी तिथे ‘गृहिणी’ लिहिले. आईला वाचता येत नव्हते. तिने अंगठा उठवला आणि विचारले, “काय लिहिलंस रे माझ्याबद्दल?” मी म्हणालो, “काही नाही.” त्या गोष्टीला चाळीस वर्षे होत आली, पण तो रकाना मी विसरलो नाही.

तारलीचे डोके

फोटोसमोर मी बराच वेळ उभा राहिलो असेन, कारण दुकानाबाहेर बाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी मला काहीतरी विचारले. त्यांची नात सोबत होती. तिला इंग्रजी येत होते. मी बोटीवरचा कामगार आहे आणि माझी आईही मासळीच्या कामावर होती, असे तिने सांगताच आजींनी बाकावर सरकून मला जागा दिली. त्यांची स्वतःची आजी कारखान्यात तारलीची डोकी कापत असे.

या बायकांना ब्रेटन भाषेत ‘पेन सार्दिन’ म्हणतात. अर्थ : तारलीचे डोके. त्यांच्या घट्ट पांढऱ्या टोपीलाही तेच नाव आहे. आधी ते हिणवण्यासारखे वाटायचे, आता आम्ही ते मानाने सांगतो, असे आजी म्हणाल्या. तरुणपणी नाचाला गेले की दुसऱ्या गावची मुले नाक मुरडायची, असे त्यांची आजी सांगत असे. हे ऐकून मला धक्काच बसला. वास तर सगळीकडे सारखाच!

आजी आणि नात यांनी मला गावातली ‘तारलीची वाट’ दाखवली. जुने कारखाने, धक्के, कामगारांच्या गल्ल्या अशी ती वाट आहे, आणि जागोजागी माहितीचे फलक आहेत. नात वाचून सांगत होती. आजी मधूनमधून भर घालत होत्या.

मासळी टिकवण्याचा धंदा इथे फार जुना. गावालगत प्लोमार्क येथे रोमन काळातील दगडी टाक्या आहेत. त्यात मासळी मिठात मुरवीत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीस निकोला आपेर या फ्रेंच माणसाने अन्न हवाबंद करून उकळून टिकवण्याची रीत शोधली, आणि पुढे तळलेली तारली तेलात घालून पत्र्याच्या डब्यात बंद होऊ लागली. १८५३ साली इथे निघालेला एक कारखाना आजही चालू आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीस गावात कारखान्यांची रांगच लागली होती. पुरुष समुद्रावर आणि बायका कारखान्यात, अशी घरोघरची वाटणी.

बोटी आल्या की गल्लीगल्लीतून हाका पडत. रात्र असो, पहाट असो, बायका अंगावर शाल ओढून धावत. बारा-तेरा वर्षांच्या मुलीसुद्धा. मासळी संपेपर्यंत घरी जायचे नाही. कधी दहा तास, कधी पंधरा, कधी त्याहून जास्त. झोप येऊ नये म्हणून त्या गाणी म्हणत. ठेकेदाराच्या टेम्पोचा हॉर्न माझ्या कानात वाजू लागला.

हजारावर नाही, तासावर

पूर्वी या बायकांना तारल्यांच्या हजारावर पैसे मिळत. हजार तारल्यांमागे इतके. मोजणार कोण? मालकाचा माणूस. त्यातच १९०२ नंतर काही वर्षे तारली किनाऱ्याकडे फिरकेनाशी झाली आणि साऱ्या किनाऱ्यावर उपासमार आली. जवळच्या कोन्कार्नो गावी १९०५ साली गरीब मच्छीमार कुटुंबांच्या मदतीसाठी ‘निळ्या जाळ्यांची जत्रा’ सुरू झाली, ती आजही भरते. त्याच १९०५ साली दुआर्ननेच्या बायकांनी मागणी केली की आम्हाला हजारावर नको, तासावर मजुरी द्या. त्यासाठी त्यांनी काम बंद केले आणि ती मागणी मान्य करून घेतली.

वाचकहो, ही गोष्ट वरवर किरकोळ वाटते. पण विचार करा. टोपलीवर पैसे म्हणजे बोट उशिरा आली तर नुकसान बाईचे, मासा लहान असला तर नुकसान बाईचे, मुकादमाची नजर वाकडी असली तरी नुकसान बाईचेच. तासावर पैसे म्हणजे बाईचा वेळ ही मोलाची वस्तू आहे, हे मालकाने कबूल करणे. माझ्या आईचा वेळ कधी कुणी मोजलाच नाही. आम्ही घरच्यांनीही नाही.

शेहेचाळीस दिवस

खरी मोठी लढाई झाली ती १९२४ साली. त्या वेळी बायकांना ताशी ८० सांतीम मिळत. शंभर सांतीमचा एक फ्रँक. महागाई भडकलेली. १९१९ साली फ्रान्समध्ये आठ तासांचा कायदा झाला होता, पण मासळीच्या कारखान्यांत तो पाळला जात नसे. २१ नोव्हेंबर १९२४ रोजी पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्यातून संपाला तोंड फुटले आणि थोड्याच दिवसांत गावातले सारे कारखाने बंद पडले. दोन हजारांच्या आसपास कामगार, त्यात बहुतेक बायका. मागणी ताशी सव्वा फ्रँकची. पायात लाकडी बूट, डोक्यावर पांढऱ्या टोप्या, हातात हात, अशा त्या रोज गावातून मिरवणूक काढीत. नवऱ्यांनी आणि भावांनी त्यांना साथ दिली. सार्वजनिक चुलीवर जेवण शिजे.

नगरपालिकाही त्यांच्या बाजूची होती. १९२१ साली फ्रान्समध्ये पहिल्यांदा कम्युनिस्ट नगराध्यक्ष झाला तो याच गावात. संपाच्या वेळचे नगराध्यक्ष दानिएल ल फ्लांशेक स्वतः मिरवणुकीत चालत. मालकांनी बाहेरून संपफोडे आणवले. १ जानेवारी १९२५ रोजी एका दारूच्या दुकानात गोळीबार झाला आणि ल फ्लांशेक जबर जखमी झाले. त्यानंतर सारा देश दुआर्ननेकडे पाहू लागला. ६ जानेवारीला तडजोड झाली. बायकांना ताशी एक फ्रँक, जादा तासांना आणि रात्रीच्या कामाला वाढीव दर, आणि संपात होता म्हणून कुणाला कामावरून काढायचे नाही. शेहेचाळीस दिवस!

ल फ्लांशेक गोळीतून वाचले, पण पुढे जर्मनांनी फ्रान्स व्यापल्यावर त्यांना पकडून नेले. १९४४ साली बुखेनवाल्डच्या छळछावणीत त्यांचा मृत्यू झाला.

मी नातीला विचारले, “मागितला सव्वा फ्रँक, मिळाला एक. मग जिंकल्या असे कसे म्हणायचे?” तिने तो प्रश्न आजींना सांगितला. आजी म्हणाल्या, “वीस सांतीम भाकरीला गेले. पण त्यानंतर माझी आजी मुकादमाशी बोलताना खाली पाहत नसे.”

निवडून आली, पण...

शेवटची गोष्ट आपल्या भगिनींनी मुद्दाम वाचावी. जोसेफीन पेंकाले ही त्या संपातली एक कामगार. १८८६ सालचा जन्म, मच्छीमार घराणे, नवरा वारलेला, पदरी मुले. मे १९२५ मध्ये नगरपालिकेची निवडणूक झाली. तिला उमेदवारी मिळाली आणि ती निवडून आली! गंमत अशी की तेव्हा फ्रान्समध्ये बायकांना मतच नव्हते. म्हणजे जोसेफीनला स्वतःला स्वतःसाठी मत देता आले नाही. तिला निवडून दिले ते गावच्या पुरुषांनी. काही महिने तिने सभेत बसून काम केले. मग त्याच वर्षी देशाच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठाने निकाल दिला : बाई असल्यामुळे निवड रद्द. ती पुन्हा कारखान्यात गेली.

फ्रान्सच्या बायकांना मताचा हक्क मिळाला १९४४ साली आणि त्यांनी पहिले मत टाकले १९४५ साली. ज्या देशाने १७८९ मध्ये समतेची घोषणा केली त्या देशाची ही कथा! आपल्याकडे १९५०च्या संविधानाने धुणेभांडी करणाऱ्या बाईला आणि गिरणीमालकाला एकाच दिवशी एकेक मत दिले. ते किती मोठे होते, हे मला जोसेफीनची गोष्ट ऐकून नीट उमगले. जोसेफीन १९७२ साली वारली. पुष्कळ वर्षे तिचे नाव कुणी घेत नव्हते. २०२४ साली संपाला शंभर वर्षे झाली, तेव्हा मात्र गावाने सगळ्याच पेन सार्दिनांची आठवण जागवली.

फोनवर

तीन वाजत आले होते. आजींचा निरोप घेऊन मी धक्क्यावर आलो. माझा जोडीदार कॉफीच्या दुकानात बसून बायकोशी फोनवर बोलत होता. तिथल्याच वायफायवर मीही घरी फोन लावला. भारतात संध्याकाळचे साडेसहा. आई आता बदलापूरला ताईकडे असते. मी तिला फोनवरूनच खाडी दाखवली, रंगीत घरे दाखवली, आणि मग सगळी हकीकत सांगितली. ती गप्प ऐकत होती.

“संप करून जिंकल्या?” तिने विचारले. आमच्या घरात संप हा शब्द कुणी चांगल्या अर्थाने उच्चारत नाही.

“जिंकल्या. पुरते नाही, पण जिंकल्या.”

थोड्या वेळाने ती म्हणाली, “मासळी नासते रे. कापड नासत नाही. तुझ्या बापाच्या मालकाने कापड गोदामात ठेवलं आणि वाट बघितली.”

एवढी वर्षे वाचून, ऐकून मला जे सुचले नव्हते, ते तिने एका वाक्यात सांगितले. मग मी आयुष्यात पहिल्यांदा तिला विचारले, “आई, तू डॉकवर किती तास काम करायचीस?”

तिला उत्तर तोंडपाठ होते. “तीनला टेम्पो. चारला बसायचं. मोठी आवक असली की दुपारचे दोन. दहा तास. आणि सुकी वाट बघायची ती वेगळी. अकरा वर्षं केलं.” थोडे थांबून म्हणाली, “मी मनात मोजायचे. विचारलं नाही कुणी, म्हणून सांगितलं नाही.”

मी तिला शाळेच्या फॉर्मची गोष्ट सांगितली. ती हसली. म्हणाली, “ते मला तेव्हाच कळलं होतं. तुझं तोंड बघूनच कळलं. जाऊ दे. त्या बायकांना हातमोजे द्यायचे का रे?”

मला ठाऊक नव्हते. फोटोत तरी हात उघडेच दिसत होते. तसे सांगितल्यावर ती म्हणाली, “मग त्यांचीही बोटं सोलत असणार.”

साडेतीनची बोट सुटली. मागे वळून पाहिले तर रोस्मरची घरे पावसात धूसर होत होती. संध्याकाळी सहा वाजता मी पुन्हा मशीनपुढे उभा होतो. त्या दिवशी प्रवाशांनी गावात तारली खाल्ली असावी. टेबलावरच्या कापडांना तिचा वास येत होता. मी ती कापडे धुवायला टाकली, पण या वेळी नाक वळवले नाही.

वाचकहो, एक विनंती करून हा लेख संपवतो. आपल्या प्रत्येकाच्या घरी अशी एक आई, मावशी, आजी आहे, जिने विड्या वळल्या, कोळंबी सोलली, खडी फोडली, धुणी धुतली, आणि फॉर्मवर जिचा व्यवसाय आपण ‘गृहिणी’ लिहिला. दुआर्ननेच्या लोकांनी आपल्या बायकांचे तास, मजुरी आणि नावे लिहून ठेवली, म्हणून शंभर वर्षांनी माझ्यासारख्या परक्या माणसालाही ती वाचता आली. आज संध्याकाळी तिच्याजवळ बसा. किती वाजता निघायचीस, किती वाजता यायचीस, काय मिळायचे, हे विचारा. वहीत लिहून ठेवा. तिने मोजलेले असेल. विचारायचे तेवढे आपले राहिले आहे.